चाळिशीनंतरची तब्येत: कोणती तक्रार थांबू शकते, कोणती नाही

दूधवाल्याचे खाडे कालनिर्णयवर न चुकता मांडले जातात, पण त्याच घरातल्या बाईच्या पाळीची तारीख कुठेच लिहिलेली नसते. मग दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "शेवटची पाळी कधी आली होती?" उत्तर येतं, "गणपतीच्या आसपास." किती दिवस गेलं? "नेहमीपेक्षा जास्त." एवढ्यावर डॉक्टरही फार काही करू शकत नाहीत. रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, एखादी सोनोग्राफी होते आणि बाई घरी येऊन सांगते, "वयाचंच आहे म्हणे."

पंचेचाळिशी ते पासष्टीतल्या बऱ्याच तक्रारी खरोखरच वयाच्या असतात. काही मात्र तशा दिसतात आणि नसतात. दोन्हींतला फरक बहुतेक वेळा तारखा आणि आकड्यांमधून कळतो, म्हणून सुरुवात वहीपासून करू.

आधी वही

शंभर पानी साधी वही पुरे, कालनिर्णयच्या चौकटीही चालतील. पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती गोल, शेवटच्या दिवसाखाली रेघ. सगळ्यात जास्त जाण्याच्या दिवशी किती पॅड लागले तो आकडा. इथे एक गल्लत नेहमी होते. स्वच्छतेसाठी बदललेला पॅड आणि पूर्ण भिजलेला पॅड हे वेगवेगळे लिहायचे. "दिवसाला सहा" म्हणजे सहा अर्धे कोरडे, की सहा चिंब, यावर पुढचे उपचार ठरतात. कापड वापरत असाल तर किती तासांनी बदलावं लागलं ते लिहा. रक्ताच्या गाठी पडल्या तर रुपयाच्या नाण्याएवढ्या की मोठ्या, हेही लिहा. दोन पाळ्यांच्या मध्ये नुसता डाग दिसला तरी त्या तारखेवर ठिपका द्या.

त्याच पानावर गरम वाफा दिवसा किती आणि रात्री किती वेळा येतात ते मांडा. महिन्यातून एकदा वजन आणि कमरेचा घेर घ्या. घेर साडीच्या निरीवर नाही, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर मोजायचा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की साखर आणि बीपीकडे लक्ष द्यायला लागायचं. वजनकाटा जागचा हलला नसला तरी घेर वाढू शकतो, कारण या वयात चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते.

दोन महिन्यांची वही घेऊन गेलात तर तपासणीचा अर्धा वेळ वाचतो.

पाळी जाताना

सलग १२ महिने पाळी आली नाही तर पाळी गेली असं मानतात. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडतं, पन्नाशीतही घडतं. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र "लवकर सुटका झाली" म्हणून खूश होऊ नका. हाडं आणि हृदय दोन्हींना त्याचा फटका बसतो, त्यामुळे कारण शोधावं लागतं आणि बहुतेकींना काही वर्षं हार्मोन द्यावे लागतात.

जाण्याआधीची तीन-चार वर्षं पाळी लहरी होते. दोन महिने चुकते, मग येते, एकदा भरपूर जाते, एकदा नुसतीच डोकावते. अंतर वाढत जाणं आणि रक्तस्राव कमी होत जाणं ही नेहमीची वाट. उलटी वाट, म्हणजे अंतर २१ दिवसांपेक्षा कमी होणं आणि रक्त वाढत जाणं, तपासून घ्यावी. पाळी चुकली तर पहिली तपासणी लघवीवरची गर्भाची पट्टी, मग ४७ वं वर्ष का असेना. पन्नाशीच्या आत पाळी थांबली असेल तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं असतं.

खालच्या गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी थांबू नका:

- तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तासांहून जास्त चाललंय. सोबत चक्कर, धाप असेल तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.
- सात दिवसांपेक्षा जास्त जातंय, तेही लागोपाठ दोन-तीन महिने.
- संबंधानंतर रक्त दिसतंय.
- पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा काहीही दिसलं. एक गुलाबी डागसुद्धा.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबू. साठीच्या बाईला डाग दिसतो तेव्हा घरात पहिलं वाक्य येतं, "उष्णता झाली असेल, सब्जा घे." सब्जा पिण्यात वाईट काही नाही, पण त्या डागाचं कारण गर्भपिशवीचा कॅन्सर नाही हे आधी ठरवायला हवं. बहुतेकींत कारण साधंच निघतं: आतली त्वचा कोरडी आणि पातळ झालेली असते किंवा एखादा पॉलिप (अस्तरावरची छोटी मऊ वाढ) असतो. काहींत मात्र कॅन्सर सापडतो, आणि तो याच टप्प्यावर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. आठवडाभरात दाखवा. आपल्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे जानेवारी ते मार्च द्राक्षांच्या हंगामात बायका "माल उतरला की दाखवते" म्हणतात. इतर तक्रारींसाठी तसं चालेलही, या एका गोष्टीसाठी चालणार नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने

आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, मग सोनोग्राफी. पोटावरून करायची तर लघवी भरलेली लागते, आतून करायची तर लघवी करून जायचं असतं. या तक्रारीसाठी आतूनच जास्त स्पष्ट दिसतं, संकोच बाजूला ठेवा. पाळी चालू असलेल्या बाईने रक्त थांबल्यानंतर लगेचच्या दिवसांत करावी, कारण गर्भपिशवीचं आतलं अस्तर महिनाभर जाड-पातळ होत असतं. पाळी गेलेल्या बाईत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर धोका फार कमी. त्याहून जाड असेल किंवा पातळ असूनही डाग पुन्हा पुन्हा येत असतील तर अस्तराचा तुकडा तपासतात. बारीक नळी आत घालून ओपीडीतच हे होतं, पाच-दहा मिनिटं पाळीसारखी कळ येते, संध्याकाळी स्वयंपाकाला उभं राहता येतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि अनियमित रक्तस्राव असलेल्या बाईचा तुकडा तपासल्याशिवाय हार्मोनच्या गोळ्या महिनोन्महिने देत राहणं बरोबर नाही.

फायब्रॉइडची, म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूची साधी गाठ निघाली तर घाबरायचं कारण नाही. या गाठी फार बायकांत असतात आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. ४८ वर्षांच्या बाईला तीन सेंटिमीटरची गाठ आहे आणि त्रास काही नाही, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच.

"पिशवी काढून टाका"

हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढण्याची गरज कधी कधी खरी असते, पण ती शिडीची शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या अशा: पाळीच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या (पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर या चालत नाहीत, आधी सांगा), हार्मोनच्या गोळ्या, गर्भपिशवीत बसवायची हार्मोन सोडणारी तांबी, पॉलिप किंवा गाठ तेवढीच काढणं. हार्मोनच्या तांबीबद्दल एक इशारा. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, तेव्हाच कंटाळून बायका ती काढून घेतात आणि म्हणतात, उपयोग झाला नाही. तेवढे महिने काढले तर बहुतेकींचं जाणं खूप कमी होतं.

ऑपरेशन सुचवलं तर चार प्रश्न विचारा, शक्यतो वहीत लिहून न्या. कारण नेमकं काय? तुकड्याचा रिपोर्ट काय आला? आधीच्या पायऱ्यांपैकी काय करून झालं? बीजकोश (अंडाशय) ठेवणार की काढणार? पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश काढले तर पाळी एका रात्रीत गेल्यासारखी होते. वाफा जोरात येतात आणि हाडं लवकर झिजतात. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर त्याची कॅन्सरची तपासणी पुढेही करावी लागते. ऑपरेशनची चिठ्ठी हरवली तर यातलं काहीच कळत नाही, म्हणून ती जपा.

रक्त कमी असेल तर

गरोदर नसलेल्या बाईत हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतला तर गोळी बरीचशी वाया जाते. चहा, दूध, कॅल्शियम यांच्यापासून निदान दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, ते चालतं. बद्धकोष्ठ किंवा मळमळ असह्य झाली तर गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या, शोषण तरीही चांगलं होतं. महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा पाहा. वाढलं नसेल तर गोळी घेतली जात नाही, रक्त जात राहतंय किंवा कारण लोह नाही, यातलं काहीतरी आहे. आकडा सुधारल्यावरही तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर साठा भरत नाही. मूळव्याधीतून जाणारं रक्तही मोजायला विसरू नका. पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी होत असेल तर पोट-आतड्यातून कुठे जातंय का हे शोधावं लागतं.

आणखी एक. रक्त कमी असताना तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा आकडा फसवा येतो. लोह कमी असेल तर तो उगाच वर दिसू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी.

गरम वाफा आणि झोप

छातीतून, मानेतून एकदम ऊब चढते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, मग थंडी वाजते. एक ते पाच मिनिटांचा खेळ. कुणाला दोन वर्षं, कुणाला सात-आठ वर्षंही पुरतो. चहा-कॉफी, दारू, तिखट, कोंदट खोली यांनी वाफ चाळवते. आता नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. पण वहीत दोन आठवडे नोंद ठेवा. रविवारी सकाळच्या काळ्या रश्श्यानंतर तासाभरात वाफ येते असं तीनदा दिसलं तर रस्सा कमी घ्या, फरसाण-मटकी खा. सुती कपडे, उशाशी पाणी, सिंथेटिक चादर बदलणं, आणि वाफ सुरू होताच मिनिटाला सहा श्वास एवढ्या संथ लयीत श्वास. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यानेही फरक पडतो.

एवढ्याने भागलं नाही आणि झोप मोडत असेल तर औषध घेण्यात कमीपणा नाही. हार्मोन उपचार सगळ्यात परिणामकारक आहेत. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केले तर बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, नाहीतर अस्तर वाढून कॅन्सरचा धोका येतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे उपचार करत नाहीत. तिथे हार्मोन नसलेल्या काही गोळ्या आहेत. शेजारणीची पट्टी उसनी घेऊन खायची ही गोष्ट नाही.

रात्रीचा प्रत्येक घाम पाळीचाच नसतो. संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन उतरणं असेल तर आधी टीबीची तपासणी. हात थरथरणं आणि छातीत धडधड असेल तर थायरॉइड.

चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवडे रोज असेल तर तेही वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

लघवी, खाज, अंग बाहेर येणं

यावर बायका बहिणीशीसुद्धा बोलत नाहीत. शिंकताना थेंब सुटतात म्हणून लग्नात मागच्या खुर्चीवर बसायचं, मेन रोडला किंवा सराफ बाजारात खरेदीला निघताना सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. पाणी तोडलं की लघवी दाट होते, लघवीच्या पिशवीला जास्त चुरचुर होते, घाई उलट वाढते आणि जंतुसंसर्ग होतो. म्हणजे उपायच त्रास वाढवतो.

तीन दिवस मोजा: किती वाजता गेलात, साधारण किती झाली (जुना प्लास्टिकचा मोजमापाचा मग ठेवा), कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. दिवसाला सहा ते आठ वेळा आणि रात्री एकदा हे ठीक. खोकताना, वजन उचलताना सुटते तो एक प्रकार. जोराची घाई होते आणि बाथरूमपर्यंत पोहोचेतो सुटते तो दुसरा. पुष्कळींना दोन्ही असतात.

पहिल्या प्रकाराला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. वारा सरू नये म्हणून आपण जे आवळतो, ते आत आणि वर ओढायचं. आठ सेकंद धरायचं, आठ सेकंद सोडायचं, असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीनच सेकंद धरता येतात, हरकत नाही. तीन महिने रोज केल्याशिवाय निकाल लावू नका. चुका ठरलेल्या आहेत: श्वास कोंडणं, कुल्ले आणि मांड्या आवळणं, आणि वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देणं. खाली जोर दिला तर त्रास वाढतो. पोटावर हात ठेवा, पोट फुगलं तर चुकतंय. लघवी करताना मध्येच अडवून व्यायाम करू नका. स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक, रोज केलं तर पिशवी नीट रिकामी होत नाही.

घाईच्या प्रकाराला वेळ लांबवत न्यायची. आता तासाला जावं लागत असेल तर आठवडाभर सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड तास. घाई आली की धावायचं नाही. उभ्या जागी थांबून पाच-सहा वेळा आवळायचं, लाट ओसरली की चालत जायचं. दुपारनंतरचा चहा कमी. जळजळ, ताप किंवा रक्त असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी लघवीची तपासणी.

पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा होतो, आग होते, संबंध दुखतात, लघवीला वारंवार जंतू होतात. यासाठी आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. डॉक्टर ते बहुधा दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. शरीरात फार थोडं शोषलं जातं. पण ते चालू ठेवावं लागतं, सोडलं की कोरडेपणा परत. साबण किंवा जंतुनाशक घालून आतून धुणं बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरतं. खाज अनेक महिने जात नसेल, कातडी पांढरी किंवा जाड होत असेल तर दाखवा. साखरही तपासा, वारंवार खाज येण्यामागे पुष्कळदा मधुमेह निघतो.

अंग बाहेर येणं, म्हणजे खाली काहीतरी उतरल्यासारखं, संध्याकाळी जास्त आणि आडवं झाल्यावर कमी. कांदा भरताना पोती उचलणाऱ्या, जुना खोकला किंवा बद्धकोष्ठ असलेल्या बायकांत हे अधिक. सुरुवातीला वरचाच व्यायाम आणि वजन उचलणं बंद. पुढे आत बसवायची रबरी-सिलिकॉनची रिंग मिळते, वय किंवा हृदयामुळे ऑपरेशन नको असलेल्यांना ती वर्षानुवर्षं चालते. ठरावीक महिन्यांनी काढून धुवावी लागते.

हाडं, गुडघे, पडणं

पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात. दुखत काहीच नाही. बाथरूममध्ये हातावर पडून मनगट मोडतं, प्लास्टर लागतं, सहा आठवड्यांनी विषय संपतो. खरं तर तिथेच सुरू व्हायला हवा. उभ्याने पडून हाड मोडणं म्हणजे हाड ठिसूळ आहे असं समजून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करावी. तिच्यातला टी स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. काही मोडलं नसलं तरी ६५ व्या वर्षी करावी, स्टेरॉइड घेत असाल, आईचं खुब्याचं हाड मोडलं असेल किंवा पाळी लवकर गेली असेल तर आधी. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर घटली असेल तर पाठीचा मणका न दुखता दबलेला असू शकतो.

कॅल्शियम या वयात दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतं. ताटात मांडून पाहू. दूध किंवा दही दोन वाट्या मिळून ४०० मिलिलिटर, त्यातून साधारण ४८०. नागलीच्या एका भाकरीत ६० ग्रॅम पीठ धरलं तर सुमारे २२०. सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची नागली आपल्या बाजारात सहज मिळते, आणि ती पापडापुरती ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिळाची चटणी एक मोठा चमचा, शंभरच्या आसपास. डाळी आणि भाज्यांतून दीडशे-दोनशे. हजाराच्या जवळ पोहोचलो. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे अंगी फार लागत नाही. मेथी, शेवग्याचा पाला बरा. जे कमी पडेल तेवढ्यापुरतीच गोळी, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. नेहमीची कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी हा वेगळाच घोटाळा आहे. डॉक्टर आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात, मग बहुधा महिन्याला एक. चिठ्ठीवर थांबायची तारीख नसते आणि बाई दोन वर्षं दर रविवारी पुडी घेत राहते. मग मळमळ, बद्धकोष्ठ, मूतखडा. तुमच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख नसेल तर लिहून घ्या.

हातांची घडी छातीवर घालून, आधार न घेता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठबस होते ते मोजा. साठ ते चौसष्टच्या बाईची १२ च्या खाली आली तर पाय कमजोर आहेत, पडण्याचा धोका आहे. हीच उठबस मग व्यायाम म्हणून रोज करायची. गुडघे दुखत असतील तर आडवं झोपून, एक पाय सरळ ठेवून, फूटभर वर उचलून दहा सेकंद धरायचा, दोन्ही पाय दहा-दहा वेळा. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज अर्धा तास चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने मांडीत ताकद येत नाही, आणि पांडवलेणीच्या पायऱ्या दुखत्या गुडघ्याने चढणं सोडाच. घरात बाथरूमला दांडी, रात्री जाण्याच्या वाटेवर दिवा, आणि झिजलेल्या रबरी चपला बाहेर.

बीपी नीट कसं मोजायचं

अर्धा तास आधी चहा नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली की दंडाला आवळते आणि आकडा चुकतो. सैल बाहीचा गाऊन घाला किंवा बाही काढून मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं. दंड छातीच्या उंचीवर टेबलावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या वर राहिलं तर दाखवा.

बायकांचा हार्ट ॲटॅक पुष्कळदा छातीत कळ घेऊन येत नाही. जबडा, पाठ, वरचं पोट दुखतं, धाप लागते, घाम फुटतो, ओकारी येते. "पित्त झालंय" म्हणून सोडा पिऊन झोपू नका. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

स्तन आणि गर्भाशयाचं तोंड

भारतात बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा. पाळी चालू असेल तर ती सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी, गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून, आरशात आणि मग आडवं होऊन पाहा. मधल्या तीन बोटांची पेरं सपाट ठेवून छोटे गोल, हलका, मग मध्यम, मग खोल दाब, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्यांत. चिमटीत धरून पाहिलं तर प्रत्येक स्तनात गाठ लागते, ती चूक करू नका. न दुखणारी कडक गाठ, खळगा, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्त यांतलं काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. न दुखणारी म्हणून बायका सोडून देतात, आणि नेमकी तीच जास्त काळजीची. चाळिशी-पन्नाशीनंतर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) दर एक-दोन वर्षांनी करतात, नेमकी किती वयापासून करायची ते घरचा इतिहास पाहून डॉक्टरांशी ठरवा. त्या दिवशी काखेत पावडर लावू नका, फिल्मवर ठिपके येतात.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधी वर्षानुवर्षं पकडता येतो. पॅप तपासणी (तोंडावरच्या पेशी घेऊन पाहणं) दर तीन वर्षांनी किंवा एचपीव्ही तपासणी (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची) दर पाच वर्षांनी, ६५ पर्यंत. सरकारी केंद्रांत तीस वर्षांवरच्या बायकांची बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड अशी मोफत तपासणी व्हावी असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तोंडाच्या तपासणीत तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांनी लाजू नये. आशाताईंना विचारा. नाशिक शहरात जिल्हा रुग्णालय, कथड्यातलं महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, नाशिकरोडचं बिटको ही ठिकाणं आहेत. पॅपसाठी पाळीचे दिवस टाळा, आधीचे दोन दिवस आत मलम नको, संबंध नको.

पोट फुगल्यासारखं, दोन घासांत भरल्यासारखं, वारंवार लघवी, हे नवीनच सुरू झालं आणि तीन आठवडे जवळपास रोज राहिलं तर ॲसिडिटीच्या गोळ्या पुरे करा आणि बीजकोशासाठी सोनोग्राफी करा.

जाताना

वही, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं पाठ असली तरी पट्ट्याच), जुने रिपोर्ट तारखेने लावून, रेशनकार्ड आणि आधार. मोठा आजार निघाला तर महात्मा जोतिराव फुले योजनेसाठी ते लागतात. आयुर्वेदिक काढे, पोटल्या, कंबरदुखीच्या पुड्याही न्या, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं आणि त्याने साखर चढते, हाडं झिजतात. तपासणीसाठी साडी किंवा सैल सलवार सोयीची. बाई डॉक्टरच हवी असेल तर नोंदणीच्या खिडकीवरच सांगा. आत गेल्यावर सगळ्यात नकोसा वाटणारा प्रश्न आधी विचारा, शेवटी ठेवलात तर तो दाराशी उभं राहून अर्धवट विचारला जातो. बाहेर पडण्याआधी पुढची तारीख वहीत त्यांच्यासमोर लिहून घ्या.